उचाट्याची चोच: पाहावी कशी, मोजावी कशी, काढावी कशी

ठाणे खाडीत हिवाळ्यात उतरणाऱ्या किनारपक्ष्यांमध्ये उचाट्या ओळखायला सर्वांत सोपा आणि समजायला त्या मानाने अवघड. पांढरंशुभ्र अंग, त्यावर काळे पट्टे, निळसर राखाडी पाय आणि टोकाकडे वर वळत गेलेली काळी, बारीक चोच. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, घडवणाऱ्याने चोच उलटी बसवली. हा गैरसमज होतो, कारण आपण पक्षी उभा असताना पाहतो. मान ताठ, चोच आडवी, टोक आभाळाकडे: या पवित्र्यात त्या वळणाचा काहीच उपयोग दिसत नाही. डोकं खाली गेलं की तीच चोच चिखलाला समांतर टेकते आणि कोडं सुटतं. म्हणून या लेखातली सगळी कृती एका गोष्टीभोवती फिरते: उचाट्याची चोच डोक्यापासून वेगळी काढून पाहायची नाही, आणि मान वर असताना तिच्याबद्दल निष्कर्ष काढायचा नाही.

शास्त्रीय नाव रिकर्व्हिरोस्ट्रा अव्होसेटा. पहिल्या शब्दाचा अर्थच ‘मागे वळलेल्या चोचीचा’. लिनिअसने १७५८ साली हे नाव दिलं. जगात उचाट्याच्या चार जाती आहेत; युरोप, आशिया आणि आफ्रिकेत आढळणारी ही एक, बाकी तीन उत्तर अमेरिका, दक्षिण अमेरिकेतला अँडीज आणि ऑस्ट्रेलिया इथल्या. चौघांचीही चोच वर वळलेली. आपल्या शेकाट्याचं कुटुंब हेच, पण त्याची चोच सुईसारखी सरळ.

डोक्यावर कुठे काय आहे

पक्ष्याची एकूण लांबी ४२ ते ४६ सेंटिमीटर, त्यातली चोच साधारण साडेसात ते साडेआठ सेंटिमीटर. कपाळाच्या पिसांपासून डोक्याच्या मागच्या कडेपर्यंतचं अंतर मोजलं तर चोच त्याच्या पावणेदोन ते दोन पट भरते. हे प्रमाण पाठ करून ठेवा. चित्रं बिघडतात ती बहुतेक इथेच: डोकं मोठं होतं आणि चोच आखूड.

चोच तिच्या पूर्ण लांबीत सारखी वळलेली नसते. मुळाकडचा सुमारे एक तृतीयांश भाग जवळजवळ सरळ असतो. वळण त्यानंतर सुरू होतं आणि टोकाकडे वाढत जातं. जाडीही सारखी नाही. मुळाशी भरीव, मग सतत निमुळती, शेवटी अगदी बारीक. आणि बाजूने पाहताना कधीच न कळणारी गोष्ट म्हणजे ही चोच वरून-खालून चपटी आहे. समोरून किंवा वरून पाहिली तर तिची रुंदी उंचीपेक्षा जास्त भरते. म्हणजे आकार दाभणासारखा गोल नाही, पातळ पट्टीच्या जवळ जाणारा आहे.

चोचीच्या आत हाड आहे आणि वरून केराटिनचं, म्हणजे आपल्या नखाच्या द्रव्याचं आवरण. ते झिजतं आणि वाढत राहतं. आपला वरचा जबडा कवटीला जखडलेला असतो; पक्ष्यांचा वरचा जबडाही थोडा हलतो, हे चोच उघडलेली पाहताना लक्षात ठेवा. नाकपुडी मुळाजवळ, लांबट चिरेसारखी. दुर्बिणीतून ती ओळखायला तिरपा उजेड लागतो, नाहीतर काळ्यात काळं हरवतं.

काळी टोपी चोचीच्या मुळापासून सुरू होते, डोळ्याला पोटात घेते, डोळ्याच्या जरा खालून तिची कड जाते आणि मानेच्या मागच्या बाजूने खाली उतरते. गाल, हनुवटी, गळा आणि मानेची पुढची बाजू पांढरी. म्हणजे डोळा पूर्णपणे काळ्या भागात आहे, सीमेवर नाही. गडद तपकिरी बुबुळ काळ्या पिसांत असल्यामुळे अनेक फोटोंमध्ये उचाट्याला डोळाच नाही असं वाटतं. त्यावर उपाय पुढे येईल. कानाचं छिद्र डोळ्याच्या मागे-खाली पिसांनी झाकलेलं असतं. ते शोधत बसू नका.

एक अवयव बाहेरून दिसत नाही, पण त्याचं काम दिसतं. डोळ्यांच्या वर, कवटीच्या खोबणीत क्षारग्रंथी असतात. खाऱ्या पाण्यातून पोटात गेलेलं जास्तीचं मीठ त्या गाळून घेतात, आणि तो तीव्र खारट द्राव नाकपुडीवाटे बाहेर येतो. मिठागराच्या पाण्यात चरणारा पक्षी मधूनच डोकं झटकतो, चोचीवर चमकता थेंब दिसतो. तो प्रत्येक वेळी नुसता पाण्याचाच थेंब असेल असं नाही.

जागा, भरती आणि ऊन

हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च. भारतात उचाट्या कच्छच्या रणात घरटी करतो, मुंबईत हिवाळी पाहुणा. जागा नेहमीच्याच: शिवडीचा किनारा, भांडुप पंपिंग स्टेशनचा परिसर, ऐरोली, नेरूळ-सीवूड्सकडे टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेमागची पाणथळ जागा, उरणकडे पाणजे. ठाणे खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं, २०२२ साली खाडीला रामसर, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून बोटीची सोय आहे. प्रवेशाचे नियम आणि वेळा बदलतात, त्यामुळे निघण्याआधी चौकशी करा.

जागेपेक्षा भरतीची वेळ महत्त्वाची. ओहोटीला चिखलपट्टा मैलभर उघडा पडतो आणि पक्षी पाण्याच्या कडेबरोबर लांब जातात. ऐन भरतीला चिखल बुडतो, मग थवे आतल्या उथळ तळ्यांत विसाव्याला येतात. तिथे जवळून दिसतात, पण निम्मे पाठीच्या पिसांत चोच खुपसून झोपलेले. कामाची वेळ या दोन्हींच्या मधली. भरती उलटल्यावर पहिले दीड-दोन तास पक्षी जागे होतात, अंग धुतात, पिसं साफ करतात आणि चरायला निघतात.

भरतीची वेळ काढायचा जुना ठोकताळा मुंबईत चांगला लागू पडतो: तिथीची पाऊणपट. शुद्ध असो वा वद्य, तिथीच्या आकड्याला ३ ने गुणा, ४ ने भागा. आलेला आकडा म्हणजे पूर्ण भरतीची अंदाजे वेळ. चतुर्थीला ३, म्हणजे दुपारी तीनच्या सुमारास भरती आणि त्याआधी सहा तास, सकाळी नऊच्या आसपास, पूर्ण ओहोटी. दशमीला साडेसात. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, आणि ऐरोली-भांडुपसारख्या आतल्या भागात भरती थोडी उशिरा पोचते. अष्टमीच्या पुढेमागे भांगाची भरती असते. पाणी जेमतेम चढतं, चिखल पुरता बुडतच नाही आणि पक्ष्यांना जवळ येण्याचं कारण उरत नाही. ते दोन-तीन दिवस टाळा.

आता यात ऊन मिळवा. शिवडी आणि भांडुप खाडीच्या पश्चिम काठावर आहेत, तोंड पूर्वेला. सकाळी तिथे सूर्य समोर येतो आणि काळी चोच, काळी टोपी, काळा डोळा यांची एकच सावली होते. नेरूळ आणि ऐरोली पूर्व काठावर. सकाळी सूर्य पाठीशी. म्हणून हिशेब असा: नेरूळला जायचं तर दशमी ते द्वादशी, भरती साडेसात ते नऊच्या दरम्यान, सकाळचं कोवळं ऊन मागून. शिवडीला जायचं तर तृतीया-चतुर्थी, भरती सव्वादोन ते तीन, आणि ओहोटी लागताना दुपारचं ऊन मागून. शिवडीची सहल सकाळी ठेवून ‘काहीच तपशील दिसला नाही’ म्हणणाऱ्यांची चूक पक्ष्यात नसते.

तिसरा शत्रू म्हणजे तापलेली हवा. ऊन चढलं की चिखलावरची हवा थरथरते आणि दुर्बिणीत सरळ काठीसुद्धा वळवळताना दिसते. वळणाचाच अभ्यास करायचा असताना हे अगदी घातक. साडेनऊ-दहानंतर शंभर मीटरपलीकडच्या पक्ष्याची चोच मोजू नका. दुपारी शिवडीला हवा थरथरत असेल तर ऊन उतरेपर्यंत थांबा किंवा फक्त जवळचे पक्षी घ्या.

साधनं फार लागत नाहीत. ८×४२ किंवा १०×४२ दुर्बीण पवित्रा आणि हालचाल पाहायला पुरते. चोचीच्या तपशिलाला ट्रायपॉडवरचा स्पॉटिंग स्कोप हवा. हिशेब सोपा आहे: साठ मीटरवरचा पक्षी ३० पटीने पाहिला तर तो दोन मीटरवर उभा असल्यासारखा दिसतो, तोच ८ पटीच्या दुर्बिणीतून साडेसात मीटरवर. झूम ६० पटीपर्यंत नेण्याचा मोह आवरा, प्रतिमा अंधारते आणि हवेची थरथर दुप्पट दिसते.

चिखलात उतरू नका. खाडीचा चिखल मांडीपर्यंत ओढतो आणि तिवरांची श्वसनमुळं पायाखाली असतात. तसंही जवळ जाऊन फायदा नाही. चरणारे पक्षी एकदम माना वर करून स्तब्ध झाले, तर तुम्ही आधीच फार जवळ आला आहात. सावकाश मागे सरका, पाच-दहा मिनिटांत ते पुन्हा कामाला लागतात.

पाहण्याचा क्रम

थव्यातला एकच पक्षी निवडा आणि दहा मिनिटं त्याच्यावरच राहा. थवाभर नजर फिरवत राहिलं की डोळ्यात फक्त सरासरी उरते.

आधी चरताना पाहा. उचाट्या पुढे चालत चालत डोकं डावी-उजवीकडे फिरवतो, विळ्याने गवत कापावं तसं. नजर पायांवरून काढा आणि तीन प्रश्नांची उत्तरं शोधा. चोच किंचित उघडी आहे का? चोचीचा किती भाग पाण्यात आहे? आणि पाण्यात शिरते तिथे चोचीचा पाण्याशी कोन किती? मुळाकडचा सरळ भाग तिरपा खाली उतरताना दिसेल, पण वळणामुळे पुढचा भाग तळाशी जवळजवळ समांतर होतो. सरळ चोच याच कोनात खुपसली असती तर फक्त टोक चिखलाला लागलं असतं. इथे चोचीची पुढची काही सेंटिमीटर लांबी एकदम टेकते, आणि डोकं आडवं फिरलं की एका झटक्यात रेघ नाही, पट्टा झाडला जातो. भक्ष्य बहुतेक वेळा दिसतच नाही. छोटे कवचधारी जीव, चिखलातले कृमी, कीटकांच्या अळ्या यांचा चोचीला स्पर्श झाला की ती मिटते. गढूळ पाण्यात हे चालतं ते यामुळेच.

पाणी नितळ आणि उथळ असेल तर हाच पक्षी नजरेने वेचतानाही दिसतो. एकेक टोच, डोकं आडवं न फिरवता. आणि पाणी खोल असेल तर पोहत पोहत बदकासारखं शेपूट वर करून डोकं बुडवतो. तिन्ही पद्धतींची वेगवेगळी नोंद करा, कारण चोचीचा कोन तिन्हींत वेगळा असतो.

शेजारी फ्लेमिंगो असतीलच. त्यांच्याकडे दोन मिनिटं जरूर पाहा. त्यांची चोच मध्येच खाली मोडल्यासारखी, उचाट्याच्या अगदी उलट. पण ते डोकं उलटं करून चोच पाण्यात घालतात आणि मग तीही पाण्याला समांतर येते. फरक असा की फ्लेमिंगो पाणी गाळतो, उचाट्या स्पर्शाने शोधतो. चमच्या पक्षी सापडला तर आणखी मजा: तोही चोच किंचित उघडी ठेवून डावी-उजवीकडे झाडतो, फक्त वळणाऐवजी टोकाला चपटा चमचा. एकाच खाडीत तीन वेगवेगळ्या अवजारांनी तळ झाडण्याचं काम चाललेलं असतं.

मग विसाव्याच्या वेळी पाहा. पिसं साफ करताना पक्षी मान मागे वळवतो तेव्हा चोचीची वरची चपटी बाजू क्षणभर आपल्यासमोर येते. चोचीची रुंदी कळण्याची हीच संधी, म्हणून पिसं साफ करणारा पक्षी झोपलेल्या दहा पक्ष्यांपेक्षा मोलाचा. आळस देताना चोच उघडली तर वरची आणि खालची चोच वेगवेगळी, दोन्ही किती पातळ आहेत ते दिसतं. मिटल्यावर त्यांच्यामधली फट वळणाच्या बरोबरीने वर जाते.

फसवणाऱ्या दोन गोष्टी. चोचीच्या टोकाला सुकलेला चिखल असला की टोक फिकट, जाड किंवा तुटलेलं भासतं. पक्षी पाण्यात चोच बुडवून पुन्हा काढेपर्यंत थांबा. आणि लांबवर वर वळलेली प्रत्येक चोच उचाट्याची नसते. ग्रीनशँकची किंचित वर वळलेली असते, पण मुळाशी जाड आणि फिकट. टेरेक सँडपायपर लहानखुरा, नारिंगी आखूड पायांचा, धावत सुटणारा. पट्टेरी शेपटीच्या गॉडविटची चोच लांब, हलकीशी वर झुकलेली, पण मुळाकडचा अर्धा भाग गुलाबी. पूर्ण काळी, टोकाला सुईसारखी आणि स्पष्ट वळलेली असेल तरच उचाट्या.

परातीतला प्रयोग

हे वाचून पटतं, पण हाताला कळत नाही. घरी अर्ध्या तासात करून पाहता येतं. एक परात घ्या. शाडूची माती पाण्यात पातळ श्रीखंडाइतकी कालवा आणि तळाशी एक सेंटिमीटरचा थर द्या. त्यावर मूठभर भिजवलेला साबुदाणा पसरा आणि कडेने हळूच एक सेंटिमीटर पाणी सोडा.

जाड तारेचे दोन तुकडे घ्या, प्रत्येकी साडेआठ सेंटिमीटर, आणि पेन्सिलीच्या टोकाला चिकटपट्टीने घट्ट बांधा, तार आणि पेन्सिल एका रेषेत. पहिली तार सरळच राहू द्या. दुसरीचे बांधल्यानंतरचे पहिले तीन सेंटिमीटर सरळ ठेवून उरलेला भाग १३ सेंटिमीटर व्यासाच्या वाडग्याच्या कडेवर दाबून वळवा. टोक मूळ रेषेच्या सुमारे पावणेदोन-दोन सेंटिमीटर वर आलं पाहिजे. जास्त आलं तर विळा झाला, थोडं सरळ करा.

दोन्ही तारा पाण्याशी साधारण ३० ते ३५ अंशांत धरा, वळलेल्या तारेचं वळण वरच्या बाजूला. डोळे मिटा आणि आडवा फराटा मारा. सरळ तारेचं टोक मातीत रुततं आणि एक बारीक चर ओढतं; दाणे क्वचितच लागतात. वळलेली तार मातीवर आडवी घसरते आणि दाण्यांचा स्पर्श बोटांपर्यंत येतो. पाणी निवळल्यावर मातीवरच्या खुणा पाहा. मग कोन बदला: पेन्सिल उभी केली की वळलेली तारही बिनकामाची होते, तिचंही फक्त टोकच मातीला टेकतं. उचाट्या चरताना मान पुढे लांबवून, डोकं खाली ठेवून का चालतो, ते इथे कळतं. माती फार घट्ट कालवली तर प्रयोग फसतो, दोन्ही तारा अडकतात. निसर्गातही हेच: झाडण्याची ही युक्ती मऊ गाळातच चालते.

फोटोवरून वळण मोजणं

आपण पक्षी हातात घेत नाही, त्यामुळे मिलिमीटरमध्ये मोजण्याचा प्रश्न येत नाही. प्रमाण मात्र फोटोवरून काढता येतं. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित पक्ष्यांचे अवयव परवानगीशिवाय जवळ बाळगता येत नाहीत, म्हणून किनाऱ्यावर मेलेला पक्षी सापडला तरी कवटी किंवा चोच घरी आणायची नाही. तिथेच मोजपट्टी शेजारी ठेवून, हात न लावता फोटो घ्या.

कॅमेऱ्याचं गणित: ६०० मिमी लेन्स, पक्षी ४० मीटरवर, चोच ८० मिमी, सेन्सरवर तिची प्रतिमा १.२ मिमी पडते. पिक्सेल ४ मायक्रॉनचा असेल तर हे झाले ३०० पिक्सेल. ४०० मिमी लेन्सने २०० पिक्सेल. दोनशेच्या खाली मोजू नका. शटर उभ्या पक्ष्याला १/१०००, झाडणाऱ्या डोक्याला १/२०००. उन्हात पांढरी पिसं जळतात, म्हणून एक्स्पोजर उणे पाऊण ते उणे एक स्टॉप. पण त्याने डोळा टोपीत बुडतो. त्यामुळे दोन वेगळे फोटो घ्या: एक पांढऱ्यासाठी, एक मुद्दाम उजळ, फक्त डोळ्यासाठी. रॉ फाइलमध्ये काढलात तर एकातूनही बरंच निभावतं.

मोजण्याची रीत. कपाळाची पिसं संपून चोचीची वरची कड सुरू होते तिथे एक बिंदू, टोकाला दुसरा. दोन्ही सरळ रेषेने जोडा. चोचीची वरची कड या रेषेच्या खाली झोळीसारखी उतरलेली दिसेल. जिथे ती रेषेपासून सर्वांत लांब आहे तिथलं काटकोनातलं अंतर मोजा. याला भागिले सरळ रेषेची लांबी, गुणिले शंभर; येणाऱ्या आकड्याला वळणांक म्हणू. रेषा ४०० पिक्सेल आणि झोळी ४८ पिक्सेल असेल तर वळणांक १२. संगणकावर इमेजजे हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. तेही नको असेल तर चोच पंधरा सेंटिमीटर येईल असा छापील फोटो काढून पट्टीने मोजा.

आता चूक कुठे होते ते. पक्षी कॅमेऱ्याला बरोबर आडवा नसला की चोच आखूड दिसते, पण झोळीची खोली तेवढीच राहते. डोकं २० अंश वळलं तर लांबी ६ टक्के कमी, ३० अंशाला १३ टक्के. वळणांक १२ असलेली चोच ३० अंशांच्या फोटोत १३.९ भरते. म्हणजे तिरपा पक्षी नेहमी जास्त वळलेल्या चोचीचा वाटतो. उलट डोकं खांद्याकडे कललं असेल तर झोळी उथळ दिसते. म्हणून फोटो निवडताना निकष कडक ठेवा: नाकपुडीची चीर पूर्ण लांबीत दिसते का, दुसऱ्या बाजूच्या गालाचं पांढरं डोकावतंय का, चोचीची चपटी वरची बाजू दिसतेय का? शेवटच्या दोनपैकी एकालाही ‘हो’ आलं तर तो फोटो मोजायला बाद, कितीही सुंदर असला तरी.

आणखी एक बारकावा. २०० पिक्सेलच्या चोचीत झोळी जेमतेम २४ पिक्सेल असते. दोन पिक्सेल चुकले की वळणांक ११ किंवा १३. त्यामुळे एकाच पक्ष्याचे किमान पाच फोटो मोजून मधला आकडा घ्या, सरासरी नको. एक वाईट फोटो सरासरी ओढून नेतो.

एवढा खटाटोप कशासाठी, तर नर-मादी. पिसांवरून दोघांत फारसा फरक नाही. मादीची चोच सहसा आखूड आणि जास्त वळलेली, नराची लांब आणि कमी वळलेली. ‘सहसा’ हा शब्द गाळू नका, दोघांच्या मापांत एकमेकांवर येणारा मोठा भाग आहे. एकट्या पक्ष्यावरून नर-मादी सांगणं धाडसाचं. दोन पक्षी एकाच फोटोत, एकाच अंतरावर, दोघंही आडवे असे मिळाले तर तुलना करा. तिथे फरक स्पष्ट दिसला तर नोंदवा. पहिल्या हिवाळ्यातले तरुण पक्षी वेगळे ओळखून बाजूला ठेवा: त्यांच्या काळ्या भागांत तपकिरी छटा असते आणि पाठीच्या पांढऱ्यावर मळकट तपकिरी झाक. अंड्यातून निघालेल्या पिल्लाची चोच आखूड आणि जेमतेम वळलेली असते. पण ते दृश्य आपल्या खाडीत मिळणार नाही.

चित्र काढताना

आधी टोक-ते-मूळ सरळ रेषा २एच पेन्सिलीने हलकी काढा, सोयीसाठी १६ सेंटिमीटर, म्हणजे खऱ्या मापाच्या साधारण दुप्पट. तिचे तीन भाग करा. वरची कड मुळाकडच्या पहिल्या भागात सरळ खाली उतरू द्या, दुसऱ्यात वळायला लागू द्या, तिसऱ्यात वर न्या. सर्वांत खोल जागा मध्याच्या जवळ, रेषेपासून दोन सेंटिमीटरच्या आत. मग खालची कड: मुळाशी अंतर, टोकाशी शून्य, मध्ये कुठेही फुगवटा नाही. सगळ्यांत जास्त होणारी चूक म्हणजे मुळापासूनच वळण सुरू करणं. त्याने चोच धनुष्यासारखी दिसते आणि पक्षी व्यंगचित्रातला वाटतो.

डोकं चोचीच्या निम्म्याहून किंचित मोठं, गोलसर. डोळा टोपीच्या आत ठेवा. आधी डोळा काढून मग त्याच्याभोवती, खालून बारीक फट सोडून टोपीची कड आखा. उलट क्रमाने केलं तर डोळा हमखास सीमेवर येऊन बसतो. टोपी मानेमागे उतरवताना कड थोडी मऊ ठेवा, पिसं आहेत, रंग लावलेली भिंत नव्हे. काळा रंग सपाट भरू नका: एचबीने पहिला हात, ४बीने दुसरा, आणि कपाळावर व डोळ्याच्या वर उजेडाची जागा सोडा. चोचीला टोपीपेक्षा थोडी अधिक चमक, कारण तिथे केराटिन आहे. वरच्या चपट्या बाजूवर मुळापासून निम्म्यापर्यंत एक अरुंद उजळ पट्टी ठेवली की ती गोल न वाटता चपटी वाटते. गालाचं आणि गळ्याचं पांढरं म्हणजे कोरा कागद; सावली फक्त हनुवटीखाली, अगदी फिकट निळसर.

आणि निदान एक चित्र मान खाली घातलेलं काढा. पाण्याची रेषा आधी आखा, चोचीचा पुढचा तिसरा भाग तिच्याखाली जवळजवळ आडवा ठेवा, मग मुळाकडचा सरळ भाग तिरपा वर न्या, त्याला डोकं जोडा आणि शेवटी मान. चोच किंचित उघडी, दोन कडांमध्ये पेन्सिलीच्या रेघेएवढी फट. पाण्याखालचा भाग गढूळ पाण्यात दिसत नाही, तो तुटक रेषेने दाखवा. आणि चित्राच्या कोपऱ्यात तारीख, तिथी, जागा आणि भरती उलटून किती वेळ झाला होता ते लिहून ठेवा.